टप्पा पडता कामा नये

तक्तेरावांनी सोसायटीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा कोच व्हायचं कबूल केलं, तेव्हा त्यांना त्या खेळातल्या दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, चेंडू मोठा असतो. दोन, बास्केटला बूड नसतं. ही दुसरी गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ज्याची उभी हयात पाणीपुरवठा खात्याच्या नियोजन विभागात गेली, त्या माणसाला बूड नसलेली वस्तू बघवत नाही.

तक्तेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं याचे रंगीत तक्ते ते खात्यात करायचे, आणि हाताला सवय लागली म्हणून घरीही करायचे. सकाळी न्हाणीघरात कोणी कधी जायचं याचा तक्ता त्यांच्या पॅसेजच्या भिंतीवर होता. तो घरातलं कोणीही पाळत नसे, खुद्द तक्तेरावसुद्धा. पण तक्ता भिंतीवर आहे एवढ्यानेच त्यांना शांत झोप लागायची.

हंगाम अर्धा उलटला होता आणि संघाने एकही सामना जिंकला नव्हता. आधीच्या कोचला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तो इतक्या आनंदाने गेला, की निरोपाच्या चहालाही थांबला नाही. तळाला राहणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी स्पर्धेत घेणार नाही, असं आयोजकांनी कळवलं होतं. सोसायटीची सभा भरली. "आता कोच कोण?" असं सेक्रेटरींनी विचारताच सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. तक्तेराव तेवढे कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत होते, त्यामुळे सभेत दिसणारा चेहरा त्यांचा एकट्याचाच होता. "तक्तेराव, तुम्ही? वा!" असं म्हणून सेक्रेटरींनी टाळी वाजवली. बाकीच्यांनी सुटकेच्या आनंदात असा कडकडाट केला, की तक्तेरावांना तो आपला सत्कारच वाटला.

"अहो, तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत," बायको म्हणाली. "तुम्ही मुलींना काय शिकवणार?"

"खेळायचं काम मुलींचं. मी फक्त नियोजन करणार. हंगाम चालू असताना सराव कसा करावा, हा शेवटी नियोजनाचाच प्रश्न आहे."

त्यांची लेक चिंगी दारात उभी राहून हे ऐकत होती. चिंगी संघात होती, पण संघातली सगळ्यात बुटकी. आधीच्या कोचने तिला अर्धा हंगाम बाकावर बसवून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला लावल्या होत्या.

"बाबा, म्हणजे आता मला खेळायला मिळेल?"

तक्तेरावांच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण तेवढ्यात त्यांना खालच्या बाकावर बसलेले सगळे शेजारी डोळ्यांपुढे दिसले. कोच झाला आणि पहिल्या दिवशी पोरीला घुसवलं, म्हणतील. माणसाने आयुष्यभर आपल्या नावाला जपलं, पाण्याच्या तक्त्यात स्वतःच्या गल्लीलासुद्धा कधी मिनिटभर जास्त दिलं नाही, आणि आता बास्केटबॉलपायी नाव घालवायचं?

"वेळ आली की नक्की," ते म्हणाले.

"वेळ कधी येणार?"

"ते तक्त्यात येईल."

चिंगीने भिंतीवरच्या न्हाणीघराच्या तक्त्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

मग नियोजन सुरू झालं. तक्तेरावांनी प्रत्येक मुलीच्या क्लासच्या वेळा मागवल्या. मुलींना गणिताचा क्लास होता, नाचाचा होता, चित्रकलेचा होता, आणि एका मुलीला तर क्लासच्या गृहपाठाचा क्लास होता. सहा रंगांच्या पेन्सिली झिजल्यावर सगळ्यांची मिळून एकच मोकळी वेळ सापडली, दुपारची तीन ते चार. आनंदाने त्यांनी त्या चौकोनात केशरी रंग भरला. तो भरून झाला, तेव्हा बायकोने आठवण करून दिली, की सोसायटीत दोन ते चार ही विश्रांतीची वेळ आहे आणि तो नियम खुद्द तक्तेरावांनीच सभेत मांडला होता.

तक्तेरावांनी अर्ज केला. सेक्रेटरींनी तो वाचून सांगितलं, "माझी हरकत नाही हो, पण मास्तरांची परवानगी आणा. तक्रार त्यांचीच असते."

मास्तर म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टाला लागूनच त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट होता. खोलीत भिंतीवर मोठं घड्याळ, खिळ्याला शिट्टी आणि कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले दोन झेंडे.

"काका, तुम्ही उभं आयुष्य गाड्यांच्या धडधडाटात काढलंत," तक्तेराव लाडीगोडीने म्हणाले. "आणि तुम्हाला चेंडूने जाग येते?"

"गाडी वेळेवर येते हो," मास्तर म्हणाले. तक्तेरावांच्या भुवया वर गेलेल्या बघून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे उशिरा आली तरी उशिरा येणार हे आधी कळतं. मन तयार असतं. तुमचा चेंडू कसा, एकदा धप्प वाजतो. मग आता दुसरा टप्पा कधी, या काळजीत माणूस टक्क डोळे उघडे ठेवून पडतो. आवाजाचं काही नाही. मधली शांतता झोपू देत नाही."

हे तक्तेरावांना मनापासून पटलं, आणि तीच पंचाईत झाली. समोरच्याचं पटलं की त्यांना भांडता येत नसे. शेवटी सेक्रेटरींनी मध्ये पडून तोडगा काढला. सरावाला हरकत नाही, पण शिट्टी नाही, ओरडणं नाही, आणि चेंडूचा टप्पा पडता कामा नये.

"अहो, पण बास्केटबॉल..." तक्तेराव चाचरले.

"बास्केटबॉल खेळू नका असं कोण म्हणतंय? फक्त चेंडू जमिनीला लावू नका."

देखरेख मास्तरांकडे आली. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसणार, आणि टप्पा पडला की लाल झेंडा दाखवणार. झेंडा दिसला की त्या दिवसाचा सराव बंद. झेंडा धरून बसलेले मास्तर झोपणार कधी, हा प्रश्न कोणालाच सुचला नाही. मास्तरांना तर नाहीच. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातात झेंडा आला होता.

पहिल्या दिवशी सराव चेंडू पिशवीतून काढेपर्यंत चालला. तो काढताना हातातून निसटला. पुढच्या दिवसापासून मुली शहाण्या झाल्या आणि गोल करून चेंडू हातोहात फिरवायला लागल्या. तक्तेराव मध्ये उभे राहून कुजबुजत सूचना द्यायचे. त्या लांबच्या मुलींना ऐकू यायच्या नाहीत, आणि त्यात मुलींचं काही नुकसानही होत नव्हतं.

अडचण होती बास्केटची. चेंडू टाकला की तो रिंगमधून किंवा रिंगवर आपटून खाली येणारच. बूड नसण्याचा तोटा तक्तेरावांना आधीच दिसला होता, पण त्यांचं ऐकतो कोण!

सल्ले मात्र भरपूर आले. आपल्याकडे फुकट आणि न मागता मिळणारी ती एकच गोष्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांची मुलगी संघात होती, ते म्हणाले, "सोपं आहे. बास्केटखाली गादी टाका." कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. तक्तेरावांनी स्वतःच्या पलंगावरची उचलून आणली. चेंडू गादीवर असा अलगद पडला, की मास्तरांनी गॅलरीतून मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी माळ्याचा पाण्याचा पाइप मध्येच फाटलेला निघाला आणि गादी भिजून चिंब झाली. ती कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घातलेली असताना दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई थांबल्या आणि फार मायेने म्हणाल्या, "घरी लहान बाळ आलंय का कोणाचं? नाही? मग तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." तक्तेरावांनी त्यांना पाइपची सगळी हकीकत सांगितली. खरी हकीकत जितकी लांबत जाते तितकी ती थाप वाटायला लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वकीलबाईंची मुलगी म्हणजे संघातली उंचाडी, एकुलता एक भरवशाचा खांब. त्यामुळे वकीलबाईंच्या सल्ल्यालाही वजन होतं. "रिंगला खालून कापडी पिशवी शिवून टाका," त्या म्हणाल्या. हे ऐकून तक्तेरावांना भरून आलं. शेवटी कोणीतरी त्या बास्केटला बूड देत होतं. चेंडू पिशवीत पडायचा आणि तिथेच राहायचा. मग इलेक्ट्रिशियनची शिडी लावून तक्तेराव वर चढायचे, चेंडू काढून द्यायचे, उतरायचे, आणि पुढची मुलगी चेंडू टाकायची. तासाभराच्या सरावात खरा व्यायाम कोचलाच व्हायला लागला.

आणि एका दुपारी शिडी सरकली. ती सेक्रेटरींच्या स्कूटरवर अशी आदळली, की पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. तक्तेराव वरच राहिले, एक हात रिंगला, एक पिशवीत. ओरडायला तर बंदी. ते लोंबकळत कुजबुजले, "शिडी... शिडी..." मुलींनी मनापासून टाळ्या वाजवल्या, पण आवाज नको म्हणून नुसते हात हलवले. मास्तर गॅलरीत उभे राहिले होते. टप्पा पडला नव्हता, त्यामुळे झेंडा दाखवावा की नाही याबद्दल त्यांना नियम सापडेना. शेवटी पिशवीनेच निर्णय घेतला. ती टर्रकन फाटली आणि कोच, चेंडू आणि पिशवी तिघंही एकदम खाली आले. चेंडूचा टप्पा पडला आणि मास्तरांना एकदाचा नियम सापडला; तक्तेरावांचा टप्पा पडला नाही, ते नुसतेच पडले.

आता एकच उपाय उरला. बास्केटखाली कोणीतरी उभं राहायचं आणि प्रत्येक चेंडू जमिनीला लागायच्या आत झेलायचा.

"माझी मुलगी खेळायला येते, चेंडू वेचायला नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"आमच्या पोरीच्या दातांना तारा आहेत," डॉक्टर म्हणाले. "चेंडू तोंडावर बसला तर? आणि तारा काय भावाने पडतात ते मला विचारा."

तक्तेराव लेकीकडे वळले. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंही वाटलं. सगळ्यात भिकार काम स्वतःच्या पोरीला दिलं, आता कोणाची बोट दाखवायची छाती होणार नव्हती.

"चिंगे, तू झेल."

"आणि खेळू कधी?"

"हाही खेळच आहे."

"मग सगळ्यांना आळीपाळीने द्या ना."

तक्तेरावांनी घड्याळाकडे बघितलं.

चिंगी बास्केटखाली उभी राहिली. पहिल्या दुपारी चेंडू तिच्या डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर, सगळीकडे बसला. पण तिने तो जमिनीवर पडू दिला नाही. तो निसटला असता तर सराव बंद झाला असता, आणि बाबांचा चेहरा पडला असता. दुसरं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही. मग दुपारमागून दुपार तेच. बाकीच्या मुली चेंडू टाकायच्या, चिंगी झेलून परत द्यायची. मास्तरांचा झेंडा मांडीवर पडून राहायला लागला.

या सरावानंतरचा पहिला सामना मात्र हसं करणारा झाला. आपल्या मुली टप्पा पाडत चेंडू पुढे न्यायचा असतो हेच विसरल्या होत्या. समोरच्या संघाने टप्पा टाकला, की आपल्या मुली दचकून मागे वळून लाल झेंडा शोधायच्या. संघ हरला. पण पुढच्या सामन्यांत वेगळंच दिसलं. चेंडू या हातातून त्या हातात असा पळायचा, की समोरच्या मुली नुसत्या माना फिरवत राहायच्या. कोच कुजबुजतो आणि पोरी मुकाट खेळतात, याची प्रतिस्पर्ध्यांना भीतीच वाटायला लागली. संघ चक्क जिंकला. मग आणखी एकदा जिंकला.

चिंगी मात्र बाकावर होती. आज ना उद्या, असं म्हणत तक्तेरावांनी प्रत्येक सामना तिला बसवून काढला. घरी तिने बोलणं कमी केलं आणि न्हाणीघराचा तक्ता मिनिटामिनिटाला पाळायला लागली. ठरल्या वेळेला आत, ठरल्या वेळेला बाहेर. तक्तेरावांना हा नियोजनाचा विजय वाटला.

"अहो, ती रुसलीय," बायको म्हणाली. "पोरगी तक्ता पाळते म्हणजे किती रुसली असेल!"

तक्तेरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. कळत त्यांनाही होतं. पण कळणं आणि लोकांना तोंड देणं यांत फार अंतर असतं.

शेवटचा सामना आला. समोरचा संघही आपल्यासारखाच तळाशी. हरेल तो स्पर्धेबाहेर. झाडून सगळी सोसायटी बघायला आली. मास्तरही आले, पहिल्या रांगेत बसले, आणि ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा सुरू होताच गाढ झोपले. सामन्याची वेळ आधी जाहीर झालेली होती, तेव्हा त्यांचं मन तयार होतं.

शेवटची काही मिनिटं उरली आणि संघ एका गुणाने मागे असताना उंचाडीचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे ती बाहेर गेली. वकीलबाई पंचांशी कायदा बोलायला उठल्या. तक्तेरावांनी बाकाकडे बघितलं. बाकावर दोघीच, डॉक्टरांची मुलगी आणि चिंगी. मागे सगळी सोसायटी बसली होती. त्यांनी डॉक्टरांच्या मुलीला पाठवलं.

चिंगी बाकावरच राहिली. ती समोर बास्केटकडे बघत राहिली. कोणीतरी चेंडू टाकला, आणि तक्तेरावांना बाजूला बसल्या बसल्या चिंगीचे हात हललेले दिसले, किंचित डावीकडे. चेंडू रिंगवर आपटला आणि डावीकडेच आला. परत कोणीतरी टाकला. चिंगीचे हात उजवीकडे पुढे गेले. चेंडू उजवीकडे पुढे आला. तक्तेराव चेंडू बघायचे सोडून तिचे हातच बघायला लागले. चेंडू अजून वर असायचा आणि ते हात आधीच त्याची वाट बघत असायचे. एकदाही चुकले नाहीत. इतके दिवस त्यांनी सगळ्या मुलींचे तक्ते केले होते, आणि शेजारी बसलेल्या लेकीचे हात आज पहिल्यांदा बघितले होते.

एक मुलगी दमून कमरेवर हात ठेवून उभी होती. तक्तेराव उभे राहिले आणि हंगामात पहिल्यांदाच कुजबुज सोडून ओरडले, "चिंगे, जा!"

"आत्ता?" ती म्हणाली.

"आत्ताच! तक्ता गेला खड्ड्यात!"

मागून कोणीतरी "लेक ना ती यांची!" असं म्हणालंच. तक्तेरावांनी ऐकलं आणि मागे वळून बघितलंही नाही.

पुढे जे झालं ते सोसायटीत अजून सांगितलं जातं, दर वेळी थोडं वाढवून. समोरच्या धिप्पाड पोरी उड्या मारायच्या आणि चेंडू त्यांच्या मधून निघून बरोबर चिंगीच्या हातात यायचा. शेवटच्या क्षणी डॉक्टरांच्या मुलीने चेंडू टाकला. चुकला. चिंगीने झेलून तिला परत दिला, अगदी दुपारच्या सवयीने. तिने परत टाकला. परत चुकला. चिंगीने परत झेलून दिला. तिसऱ्यांदा चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि आत पडला. शिट्टी वाजली. सगळे नाचायला लागले, तरी चिंगी बास्केटखालीच होती. आत पडलेला चेंडूही तिने जमिनीला लागायच्या आत झेलला होता.

"काय झालं?" मास्तर दचकून जागे झाले. "गाडी गेली का?"

मग श्रेयाची वाटणी झाली. "टप्पा पाडायचा नाही ही अट कुणाची?" सेक्रेटरी ज्याला त्याला विचारत होते. "शेवटची बास्केट कुणाच्या पोरीची?" असं डॉक्टर विचारत होते. वकीलबाईंनी पिशवीची कल्पना आपली होती हे तिघांना सांगितलं. नियोजनाचं नाव कोणीच काढलं नाही. एरवी तक्तेरावांना हे झोंबलं असतं. ते चिंगीबरोबर गुपचूप घराकडे निघाले.

"चिंगे, चुकलं माझं," थोडं चालल्यावर ते म्हणाले. "लोक काय म्हणतील म्हणून तुला बसवून ठेवलं."

"मग लोक काय म्हणाले?"

"काहीच नाही. सगळे आपापलंच बोलतायत."

चिंगी हसली. कित्येक दिवसांनी हसली. तक्तेरावांना डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं आणि त्यांनी रुमाल काढला. तो बास्केटच्या फाटलेल्या पिशवीचा तुकडा निघाला.

पुढच्या हंगामाआधी कमिटीने खूश होऊन ठराव केला, की विजयी संघाला दुपारी टप्प्याची पूर्ण मोकळीक द्यावी. हे ऐकताच तक्तेराव धावत मास्तरांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "काका, काही करा, पण तक्रार मागे घेऊ नका." मास्तर म्हणाले, मी कशाला घेतोय, आणि त्यांनी लाल झेंडा धुऊन इस्त्री करून ठेवलेला दाखवला.

राहिला प्रश्न बास्केटखाली कोण, याचा. चिंगी आता पहिल्या पाचात होती, तिला वेळ नव्हता. वकीलबाईंची मुलगी खेळायला येत होती, डॉक्टरांच्या मुलीच्या तारा अजून निघाल्या नव्हत्या.

"बाबा, तुम्ही झेला," चिंगी म्हणाली. "हाही खेळच आहे."

तक्तेराव बाह्या सरसावून बास्केटखाली उभे राहिले. चिंगीने चेंडू टाकला. तो रिंगवर आपटला. तक्तेरावांनी नीट अंदाज घेऊन हात डावीकडे नेले. चेंडू उजवीकडून आला, त्यांच्या नाकाला लागला आणि जमिनीवर पडला, धप्प. गॅलरीत लाल झेंडा वर गेला. चिंगी जवळ आली, बाबांचं नाक शाबूत आहे ना ते बघितलं, आणि हलक्या आवाजात कुजबुजली, "असू दे, बाबा. वेळ आली की जमेल."